बाळंतिणीच्या खोलीत कावरे सर

आमच्या शेजारच्या कावरे सरांनी स्वतःच्या लग्नातली सोन्याची अंगठी माझ्या डोळ्यांदेखत तेजाबात टाकली. परसात स्टुलावर काचेचा पेला ठेवला होता. त्यात ती बुडाली, तिच्या अंगाला बुडबुडे फुटले, पिवळट-तांबडा धूर निघाला. ती झिजत झिजत नथीएवढी उरली असताना हा माणूस मागे वळून मला म्हणतो, "वहिनी, दहीभात उरला आहे काय थोडा? मामींच्या तोंडाला चव नाही."

माझ्या तोंडाला घाबरून आमचा दूधवाला पाणी घालायचं विसरतो, पण त्या दिवशी मला शब्द सुचेना.

"सर, अंगठी होती ती," मी शेवटी म्हटलं.

"हो न. आता पाणी झालं तिचं. उद्या माती होईल. मग ती कामाची."

मामी म्हणजे त्यांची सासू. ती अंगठी तिनेच भर मांडवात जावयाच्या बोटात घातली होती. म्हणजे सासूने दिलेलं सोनं विरघळवायचं आणि सासूसाठीच शेजारणीकडे दहीभात मागायचा. मी दहीभात दिला, न देऊन सांगते कोणाला? घरी येऊन ह्यांना म्हटलं, "कावरे सर गेले कामातून." हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ते कधी कामात होते?"

आणि दिवस कसले, तर कापसाच्या मंदीचे. दिग्रसला जिनिंगचे भोंगे एकेक करून बंद पडत होते. ह्यांची फिटरची नोकरी आज आहे उद्या नाही अशी. आमच्या शेतातला कापूस भाव येईल म्हणून पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला, त्याच्या खाजेने सगळं घर अंग खाजवत बसलेलं. अशा दिवसांत बाया डोरल्यातला एक मणी मोडायचा तर महिनाभर रडत. आणि हा मास्तर अंगठीची माती करतो.

कावरे सर आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. स्वेटर उलटा घातला तर दिवसभर तसाच. त्याआधी ते तिकडे लांब, मध्यप्रदेशातल्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत होते म्हणे. ती नोकरी सोडून इकडे आले, आणि आले ते सासूला घेऊन. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. दिग्रसच्या बायांनी घरजावई पुष्कळ पाहिले होते. ही घरसासू पहिलीच. हळदीकुंकवाला विषय निघायचाच: "बायको नाही, लेकरू नाही, अन् हा माणूस म्हातारीची वेणी घालून देते." वेणी घालत, हे खरं आहे. मी पाहिलं आहे. चांगली घालत.

त्यांच्या टेबलावर एक काचेची नळी असे, हातभर लांब, ट्यूबलाईटसारखी, आत आणखी एक बारीक नळी. कोणी घरी गेलं की चहाच्या आधी नळी.

"ही लेझर होती, वहिनी. मेली."

"अरेरे," मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

"आत कार्बन डायऑक्साईड भरला राहते. वीज सोडली की लाकूड कापून टाकेल असा झोत निघते. पण विजेच्या माराने त्या वायूचा एक तुकडा सुटून जाते, अन् मागं उरते कार्बन मोनॉक्साईड. म्हणजे विष. नळी तर बंद. बाहेरची हवा आत घेता येत नाही, आतलं बाहेर फेकता येत नाही. मग ती आतल्या आत घुसमटून मरते."

"मग हो?"

हे "मग हो" म्हटलं की फसलात. पुढचा तास गेला. मग आतच असं काहीतरी ठेवायचं, की सुटलेला तुकडा ते पुन्हा जोडून देईल. स्वतः खर्च होणार नाही. त्याला उत्प्रेरक म्हणतात. प्लॅटिनम चालतं, कथिलाची राख चालते, पण थंडगार नळीत सगळ्यात गुणाचं काय, तर सोनं. गंजाच्या भुकटीवर बसवलेलं सोन्याचं पीठ. अर्धं आयुष्य त्यांनी हे पीठ दळलं होतं. आणि सगळं सांगून झालं की शेवटी बोट वर करून त्यांचं ठरलेलं वाक्य: "बंद आहे ना? मग आतूनच."

हे वाक्य ते कशालाही लावत. माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं, "बंद आहे ना? मग आतूनच." आता बरणी आतून कशी उघडायची ते त्यांनाच माहीत. ह्यांच्या जिनिंगला टाळं लागायची वेळ आली, कामगार नागपूरला मोर्चा न्यायचं म्हणत होते, तेव्हा सर ओट्यावर उभे राहून तेच बोलले. त्या दिवशी ह्यांनी पायातली वहाण काढली होती. मी मध्ये पडले म्हणून निभावलं.

दुसरं वेड खिडक्यांचं. थंडी सुरू झाली की कावरे सर गल्लीत फिरायचे आणि दिसेल ती खिडकी ढकलून उघडायचे. पुसदच्या एसटीत बसले तर चारी बाजूंच्या काचा सरकवायचे. कंडक्टर शिव्या द्यायचा, म्हाताऱ्या मफलर आवळून शाप द्यायच्या, हे आपले हसून म्हणायचे, "हवा येऊ द्या, हवेले तिकीट नाही लागत." पोट्टे त्यांना खिडकीसर म्हणत.

एकदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिळाचे लाडू वळत होते. सर नळीतल्या विषाचं पुराण सांगत बसले होते. "त्याला वास नाही, रंग नाही. नुसतं डोकं दुखते, झोप येते, अन् माणूस उठतच नाही. आणि वहिनी, तो मेलेला वाटतही नाही. गाल लाल, ओठ लाल. रक्तच तसं होऊन जाते."

"सर," मी म्हटलं, "सणासुदीला जरा शुभ बोलत जा. आणि माझ्या घरी तुमची नळी नाही, विष यायचं कुठून?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग आतल्या भिंतीकडे पाहिलं, पलीकडे त्यांचं घर होतं तिकडे. लाडू खाल्ला आणि गेले. मला वाटलं, चला, एकदाचं तोंड बंद केलं.

आता सासूबद्दल सांगते, तिच्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. आनसामावशी म्हणत आम्ही त्यांना. मूळच्या घाटंजीकडच्या. हात असा, की बाळंतिणीची पाठ चोळली तर बाई दुसऱ्या दिवशी उठून बसे. दिग्रसात कोणाचंही बाळंतपण झालं की मावशींना बोलावणं ठरलेलं. आणि मावशींची रीत कडक. बाळंतिणीची खोली बंद. वाऱ्याचं एक बोट आत येता कामा नये. बाजेखाली शेगडी, तिच्यात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, निखारे, वरून ओवा-शेपा. फटी बुजवायला एरवी चिंध्या लागत. त्या वर्षांत घराघरात कापूसच पडून, मग काय, मूठ भरायची आणि कोंबायची. विकला न गेलेला कापूस निदान खिडकीच्या फटीत तरी कामी आला, असं आम्ही हसून म्हणायचो.

तर सासू खोली बंद करायची आणि जावई मागून जाऊन उघडायचा. कल्पना करा, बाळंतिणीची खोली. तिथे सख्खा नवरा दाराबाहेरून बोलतो, आणि हा परका बाप्या सरळ आत. एका घरी "साप शिरला" म्हणून शिरले. दुसऱ्या घरी "जनगणनावाले आहोत" म्हणून. गांधी चौकातल्या एका घरी तर काहीच सुचलं नाही, तेव्हा नुसतेच आत जाऊन खिडकी उघडून, बाळंतिणीला "नमस्कार" करून बाहेर आले. तिच्या सासूने गल्लीच्या टोकापर्यंत केरसुणी घेऊन पिटाळलं. कॉलेजात तक्रार गेली. प्राचार्यांनी विचारलं, तर म्हणाले, "हवा पाहिजे न माणसाले." मावशी घरी डोकं धरून बसल्या. "काय नशीब घेऊन आली वं मी. पोरगी गेली, अन् जावयाचं डोकं गेलं."

सर ऐकून घेत. मावशींपुढे कधी एका शब्दाने उलट बोलले नाहीत. आम्हाला सगळ्यांना ते दोघांचं भांडण वाटायचं, एक जण लावतो आणि एक जण उघडतो.

आणि त्या थंडीत आमची लेक रूपाली बाळंतपणाला आली. पहिलंवहिलं. दवाखान्यात सुखरूप सुटली, मुलगी झाली, दोघी घरी यायच्या होत्या. मी आधीच मावशींना शब्द टाकला आणि सरांना ओट्यावर बोलावून स्वच्छ सांगितलं, "माझ्या पोरीच्या खोलीत पाऊल टाकाल तर केरसुणी नाही, मुसळ घेईन. मग शेजारधर्म काढू नका."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "खिडकी उघडणार नाही म्हणता?"

"एक फटही नाही."

"शेगडी आतच?"

"आतच. माझं बाळंतपण तसंच झालं, माझ्या आईचं झालं, आता तिचंही होईल."

"बरं," ते म्हणाले. "खोली लांबीरुंदीला किती आहे?"

मी म्हटलं, माणूस आहे की पाटबंधारे खातं. पण सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगठी विरघळवली.

तिचं पुढे काय झालं तेही पाहिलं मी. त्या पिवळ्या पाण्यात लोखंडाचं काहीतरी मिसळलं, वरून सोडा, खाली तपकिरी गाळ बसला. तो धुतला, पुन्हा धुतला, वाळवला, केक करायच्या गोल भांड्यात भाजला. शेवटी निघाली विटकरी भुकटी. तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूहून वेगळं काही मला दिसलं नाही. हे सोनं. मी कपाळावर हात मारला.

रूपाली घरी आली त्या दिवशी सर डालडाचा एक डबा घेऊन दारात. डब्याला सगळीकडून भोकं, आत जाळीवर ती भुकटी थरांनी पसरलेली, मागे छोटा विजेचा पंखा बसवलेला, फूं फूं करणारा.

"काय आहे हे?"

"डासांचं," ते म्हणाले, आणि हे ते माझ्याकडे न पाहता आत बसलेल्या मावशींना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाजेजवळ ठेवा. पंखा बंद करू नका."

माझं डोकं फिरलंच होतं. थंडीत कुठले आले डास? पण मावशी आतून म्हणाल्या, "ठेव वं मंदे. तेवढ्यानं तं त्याचा जीव शांत राहीन." म्हणून ठेवला.

जीव कुठला शांत? हा माणूस कॉलेजातून आला की आमच्या ओट्यावर. दर थोड्या वेळाने, "वहिनी, पोरीचं डोकं दुखते काय?" नाही म्हटलं की गप्प. पुन्हा, "पोट्टी दूध पिते ना? झोपूनच नाही ना राहत?" मी म्हटलं, सर, ती आठवड्याची पोर आहे, झोपणार नाही तर काय गावभर खिडक्या उघडत फिरणार?

खरं सांगायचं तर रूपाली दोन दिवसांपासून डोकं दुखतं म्हणत होती. पण बाळंतपणात कोणाचं दुखत नाही? मी तिलाच दटावलं होतं, डिंकाचे लाडू खात नाहीस म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली. त्या काळात लाईट रोज जायची, सकाळी गेली की दुपारी यायची. त्यात कोणी दचकायचं कारण नव्हतं. पण कावरे सर अर्धी दाढी केलेले, गालाला साबण तसाच, धावत आले. "वहिनी, लाईट गेली."

"मग मी काय करू? रोजच जाते."

"पंखा बंद पडला असेल."

"पडू द्या."

"मी आत येऊन हातानं फिरवतो. डोळे मिटून फिरवतो."

अहो, ऐकलं का? बाळंतिणीच्या खोलीत डोळे मिटून पंखा फिरवायला येतो म्हणे हा बाप्या. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते निमूट ओट्यावर जाऊन बसले. मी दार लावलं, आत आले. मावशी शेगडी नव्याने भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि हसत होत्या.

"येडा हाय माहा जावई," निखाऱ्यावर ओवा टाकत त्या म्हणाल्या. "पन असा जावई कोनाले भेटत नाई, मंदे. सुमन गेली तवा काय वय होतं त्याचं? दुसरी करून घ्या म्हटलं, नाई केली. मलेच घेऊन आला संगं."

"काय झालं होतं हो सुमनला?" इतकी वर्षं शेजारी राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

"हवा लागली. अशीच थंडी होती, आमच्या घाटंजीले. म्या तं एक फट ठेवली नव्हती खोलीले, तरी कुठून लागली देव जाने. शेगडी माह्याच हातची, जराशीक इझू नाई देल्ली. पोरगी म्हने, माय, डोकं दुखून राह्यलं. म्या म्हटलं, निज, शेक लागून राह्यला तुले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "अन् सकायी पायतो तं दोघंही निजलेले, माय अन् लेकरू. गाल कसे लाल, ओठ लाल. मले वाटलं, शेक मानवला पोरीले."

मी रूपालीच्या तोंडाकडे पाहिलं.

"जावई आला, तिचं तोंड पाह्यलं, अन् उठून घरच्या साऱ्या खिडक्या उघडल्या. एक शब्द बोलला नाई. तवापासून हे खिडक्याचं येड."

गाल लाल, ओठ लाल. तिळाच्या लाडवांपाशी बसून सांगितलेलं ते विष फक्त नळीत होतं असं समजणारी मी किती मोठी गाढवी. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून तेच निघतं. ते सुमनला खाऊन गेलं, तिच्या बाळाला खाऊन गेलं, आणि आता माझ्या पोरीच्या बाजेखाली, सोन्याच्या मातीच्या बंद पडलेल्या डब्याशेजारी, तेच भरत होतं.

"आई," रूपाली बाजेवरून पुटपुटली, "डोकं लय दुखून राह्यलं वं." तिला डोळे उघडवत नव्हते.

मी पदराने शेगडी उचलली आणि परसात नेऊन आपटली. हात भाजला ते नंतर कळलं. परत येऊन फटींतला कापूस ओरबाडून काढला, दोन्ही खिडक्या उघडल्या, पुढचं दार उघडलं आणि ओट्यावर ओरडले, "सर, आत या."

मावशी किंचाळल्या, "मंदे, खुळी झाली काय तू?" पण सर आत आले होते. त्यांनी आधी बाळाला उचललं, ओठ पाहिले, नखं पाहिली, आणि तसेच अंगणातल्या उन्हात घेऊन गेले. मी रूपालीला धरून धरून त्यांच्या मागे नेलं. बाळ गप्प होतं. सर त्याच्या तळपायाला टिचकी मारत होते, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि तोंडाने काहीतरी म्हणत होते. मग ते रडलं. चांगलं टाहो फोडून रडलं. सर बाळ माझ्या हातात देऊन भिंतीला टेकून खाली बसले. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

ऑटो करून आम्ही दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, मला दोन शब्द सुनावले, ते मी खाली मान घालून ऐकले. दुपारपर्यंत रूपालीचं डोकं दुखायचं थांबलं आणि तिने खायला मागितलं. तेव्हा कुठे मी बाहेरच्या बाकावर सरांशेजारी बसले, आणि तेव्हाच मला राग आला.

"तुमचा तो डबा काय कामाचा होता?"

"नळीला पुरला असता," ते म्हणाले. "खोली नळी नाही, वहिनी. हे मला माहीत होतं. पण तुम्ही खिडकी उघडणार नव्हता, मग जे येत होतं ते केलं. आणि लाईट जाते हे मी धरलंच नव्हतं. प्रयोगशाळेत लाईट जात नसे."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? माझी पोरगी गेली असती." माझा आवाज इतका चढला की नर्स डोकावून गेली.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अशाच ओरडल्या असत्या. अन् मधे एकच भिंत आहे."

"ऐकू गेलं असतं तर गेलं असतं. त्यांना कळायलाच पाहिजे."

त्यांनी आपल्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं. "सुमन गेली तेव्हा मी तिकडे बंद नळीतलं विष मोडून दाखवलं होतं. पहिल्यांदा जमलं होतं ते. साहेबांनी पेढे आणले होते. पेढा हातात असतानाच घाटंजीहून फोन आला." मग म्हणाले, "मामींनी तिला शेक दिला, वहिनी. जीव ओतून दिला. पण हे कळलं तर त्यांना ते शेक दिला असं नाही दिसणार. माझ्या हातानं पोरगी मारली, असंच दिसेल. मग त्या एक दिवस जगणार नाहीत. सुमनचं एवढं एकच माणूस माझ्यापाशी राहिलं आहे."

"आणि दुसऱ्यांच्या लेकी?"

"त्यांच्यासाठीच तर फिरतो," सर म्हणाले. "नर्सबाईकडून सांगवून पाहिलं, मामी म्हणाल्या, कालची पोट्टी मले शिकवते. मग उरली खिडकी. केरसुणीचा मार लागतो, पण खिडकी उघडते."

मला रडू आलं. आम्ही ह्या माणसाला हसलो, प्राचार्यांकडे तक्रारी केल्या, केरसुण्या उगारल्या, आणि हा जिभेवर एवढं ओझं घेऊन आमच्या लेकीबाळींच्या खिडक्या उघडत फिरत होता.

संध्याकाळी मी घरी आले तर मावशी आमच्या ओट्यावर बसलेल्या. परसात पडलेली शेगडी त्यांनी उचलून आणली होती, घासून स्वच्छ केली होती आणि पुढ्यात ठेवली होती. सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या, हे तोंडावरून कळत होतं.

"पोरगी बरी हाय?"

"बरी आहे मावशी. उद्या सोडतील."

"मंग शेगडी काहून फेकली माही?"

मी खोटं बोलले. डॉक्टर म्हणाले अंगात उष्णता वाढली, म्हणाले आता नवी रीत निघाली आहे, शेगडी ओसरीत ठेवायची, फडकी तापवून आत न्यायची, खिडकी उघडी पाहिजे. आणि म्हटलं, यापुढे तुम्हाला कोणाकडे बोलावणं आलं की मला संगं घेऊन चला, मला हे काम शिकायचं आहे.

"या वयात?"

"या वयात."

मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्या काही खुळ्या नव्हत्या. सर मागून औषधाची पिशवी घेऊन येत होते, ते फाटकापाशीच थांबले.

"मंदे, तू काईतरी लपवून राह्यली," मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. विस्तवाने काळपटलेले, तेलाने मऊ झालेले. "या हातानं अर्ध्या दिग्रसच्या पोरी उठवल्या म्या. तुह्या देवाची शपथ हाय तुले, खरं सांग. माह्या हातानं आजलोक कोनाचं वाईट झालं?"

मी फाटकाकडे पाहिलं नाही. त्यांचे हात हातात घेतले.

"कोणाचंच नाही, मावशी."

त्यांनी खोल श्वास घेतला. मग डोळे पुसले आणि फाटकाकडे तोंड करून म्हणाल्या, "अन् तुमी कायले उभे तिथं, जावईबापू? सकायपासून पोटात अन्न नाई. चला, जेवाले वाढतो."

सर मान खाली घालून त्यांच्या मागून घरात गेले.